कोळसुंद्यांचा वाटा

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीराची बाई वगैरे म्हणायला नको. हिंडलग्याला माहेरी असताना साधी सापाची कात दिसली तरी मी शेतातून घरापर्यंत बोंबलत यायची. तुरुंगाची भिंत आमच्या बांधावरून दिसायची, तिचं कधी काही वाटलं नाही. आत बंद असलेल्याला काय भ्यायचं? मोकळ्या फिरणाऱ्या जिवांचं मला भ्या. आणि अशा पोरीला बापानं दिलं कुठं, तर गुंजीच्या पलीकडं, रानात घुसलेल्या एका वाडीत! घरात भात आहे, म्हशी आहेत, माणसं सरळ आहेत, एवढं बघितलं त्यानं. रान बघितलं नाही.

लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच सकाळी, पाणी भरताना, ओढ्याच्या वरच्या अंगानं शीळ ऐकू आली. मला वाटलं कुणी मवाली पोरगा आहे. घागर तिथंच टाकून घरात आले आणि सासूला म्हटलं, "आत्ती, वढ्याकडं कोण तरी शिट्ट्या मारतंय." सासूला आमच्याकडं आत्तीच म्हणतात, आणि सासऱ्याला मामा. आत्ती हसून हसून पालथी पडायची राहिली.

"अगं खुळे, कोळसुंदी हायत ती! तुझ्याकडं बघायला त्यास्नी येळ न्हाय."

कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. तांबडं अंग, काळी झुपकेदार शेपटी. भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना हाका मारतात. कळपानं सांबर धरतात, आणि जनावर पुरतं मरायच्या आधीच खायला लागतात. हे सगळं आत्तीनं मला भाकरी थापता थापता सांगितलं, आणि वर म्हणाली की ती शेपटीवर मुततात आणि ते मूत जनावराच्या डोळ्यांत उडवून त्याला आंधळं करतात. त्यानंतर कितीतरी दिवस मी ओढ्याला जाताना पदर डोळ्यांवर ओढून जायची आणि दगडाला ठेचकाळायची.

पण वाडीला त्यांचं भ्या नव्हतं. उलट ती देवाची कुत्री, असं मानायचे. सकाळी रानात एका जागी कावळे, घारी उतरताना दिसल्या की गडी माणसं कोयते घेऊन पळायची. हाळी देत, टाळ्या पिटत पुढं जायचं. कोळसुंदे मागं सरकायचे आणि थोड्या अंतरावर बसून बघत राहायचे. मग गड्यांनी मटण कापून घ्यायचं. मुंडकं आणि पुढचा एक पाय मात्र तिथंच सोडायचा. "तुमचं तुमास्नी, आमचं आमास्नी," असं म्हणून पाठ फिरवायची. ते मटण वाडीत घरटी वाटायचं. विकायचं नाही, आणि वाटेत कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. कायद्यानं सांबराला हात लावायची बंदी होती. पण मारलं आम्ही कुठं, मारलं कुत्र्यांनी! असं म्हणून सगळे मोकळे. जंगलखात्याचा गार्ड बघून न बघितल्यासारखं करायचा.

सरकारच्या लेखी मात्र कोळसुंदे म्हणजे चोर. साहेबलोकांची शिकार संपवतात, गुरं मारतात, म्हणून त्यांच्या कातड्यावर इनाम लावलेलं होतं. बंदुकीनं ते सहजी मिळायचे नाहीत. म्हणून खानापूरकडचा एक शिकारी विष घेऊन फिरायला लागला. तो आमच्या वाडीत कधी आला नाही. रानातनं यायचा, रानातनं जायचा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा असेल. लोंढ्याच्या बंगल्यावर एक जंगलचा साहेब येऊन राहिला होता. साहेब म्हणजे गोरा नव्हे. धारवाडकडचा, चष्मेवाला, माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा. त्याचं काम ऐकाल तर हसाल. तो कोळसुंद्यांची विष्ठा गोळा करायचा! वाटेवर दिसली की कागदात बांधून घ्यायचा, वाळवायचा, धुवायचा आणि त्यातले केस चिमट्यानं वेचून काचेखाली बघायचा. आमच्या अंगणात एकदा येऊन बसला आणि म्हशीचे, रेड्याचे, गाईचे केस मागायला लागला.

आत्ती म्हणाली, "साहेब, म्हशीचं श्याण चांगलं दावणीभर हाय, ते सोडून केसं कशाला नेताय?"

तो बिचारा लाजला. मोडक्या-तोडक्या मराठीत म्हणाला की खाल्लेल्या जनावराचे केस विष्ठेत येतात, ते इथल्या केसांशी ताडून बघायचे. आजवर त्याला सांबराचे मिळाले, रानडुकराचे मिळाले, सशाचे मिळाले. गुराचे मिळाले नव्हते. "तुमचा भात कोण खातो?" त्यानं विचारलं. "डुक्कर," मामा म्हणाले. "मग डुकराला कोण खातो?" मामा रानाकडं बघायला लागले. त्यानं मुताची गोष्टही खोटी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा आत्ती रागावून आत निघून गेली. ह्या डोंगरात आता त्यांचे थोडेच कळप उरलेत, असंही तो म्हणाला. मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, बरं झालं की! जेवढे कमी तेवढं माझं भ्या कमी.

एके दिवशी सकाळी कावळे उतरले. आमचे हे आणि धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, वाडीतल्या गड्यांबरोबर गेले आणि भलंमोठं सांबर मिळालं म्हणून आनंदात परत आले. भाऊजी म्हणाले, "आज कुत्री दिसलीच न्हाईत वो! एक बी न्हवतं तिथं."

"प्वाट भरलं आसंल, गेली आसतील," मामा म्हणाले. रीतीप्रमाणं मुंडकं आणि पाय सोडून आले होते, म्हणून कुणी पुढं विचार केला नाही.

वाटे पडले. ह्यांना त्या दिवशी बेळगावच्या बाजाराला जायचंच होतं, आणि तिथनं माझं माहेर जवळ. जावयानं रिकाम्या हातानं जायचं नाही. माझ्या वडलांचा सांबराच्या मटणावर जीव. मीच पळसाच्या पानांत मटण बांधलं, पिशवीत भरलं आणि म्हटलं, "आईला सांगा, म्हणावं खोबरं जास्त घाल." हे गुंजीच्या ठेसनाकडं गेले. गाडीची शिट्टीही ऐकली मी.

चुलीवर मटण ठेवलं होतं. मामा पडवीत शेकोटीजवळ बसून, त्यांच्या सवयीप्रमाणं, निखाऱ्यावर एक तुकडा भाजून खात होते. "आज कडू लागतंय गं," म्हणाले. आत्ती आतून म्हणाली, "पित्त चिरलं आसंल कापताना." मी मसाला वाटत होते.

तेवढ्यात रानाच्या वाटेनं साहेब पळत येताना दिसला. टोपी नाही, चष्मा हातात, चिखलानं भरलेला. त्याची मराठी कुठं गेली होती कोण जाणे, आपल्या कानडीत नुसता ओरडत होता, "तिन्नब्याड्री! तिन्नब्याड्री!" खाऊ नका! कानडी आम्हा सगळ्यांना कळते, पण कळून वळायला वेळ लागला. अंगणात येऊन तो धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, ओढ्याकाठी कोळसुंदे मरून पडलेत. कळपच्या कळप. पाय ताठ, माना मागं वळलेल्या. तो त्यांच्या मागावर उलटा गेला, तर सांबर नाही. नुसतं मुंडकं, एक पाय आणि कोयत्याचे घाव. शेजारी कावळे मरून पडलेले. शिकाऱ्यानं आदल्या संध्याकाळी अर्धवट खाल्लेल्या सांबरात विष भरलं होतं, कुत्री परत येणार म्हणून. कुत्र्यांच्या मागनं माणसं येतात, हे त्याला माहीत नव्हतं.

माझ्या हातातला वरवंटा खाली पडला. आत्तीनं चुलीवरचं पातेलं तसंच उचललं आणि परड्यात उलथं केलं. तिचे हात पोळले, तिला कळलंही नाही. भाऊजी वाडीत ओरडत सुटले, प्रत्येक दारात, "सांडा! सांडा! मटण सांडा!" आणि पडवीत मामा उभे राहायला गेले आणि उभे राहताच ताठ झाले.

मी माणूस मरताना बघितलेला होता. असं कधी बघितलं नव्हतं. अंगाची कमान झाली, दात बसले, डोळे उघडेच. आत्तीनं हंबरडा फोडला, आणि त्या आवाजासरशी मामांना दुसरा झटका आला. साहेबानं दोन्ही हात वर केले. "आवाज नको! हात लावू नका! आवाजानं वाढतं हे." त्यानं दार लोटून अंधार केला, चुलीतला कोळसा कुटायला लावला, पाण्यात कालवून झटका सरला की थोडा थोडा पाजत राहिला. आत्ती तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली होती. कोंबडं आरवलं तरी मामांचं अंग उडायचं. शेजारणीनं ते कोंबडं धरून टोपलीखाली घातलं आणि टोपलीवर स्वतः बसली.

आणि मग मला आठवलं. पिशवी.

ह्यांच्या हातात मीच दिलेली पिशवी, आणि गाडी तर कधीच गेलेली. माझी आई, माझे वडील, लहान दोन भाऊ. दुपारच्या जेवणाला ते मटण ताटात पडणार. मी साहेबाच्या कानाशी जाऊन कुजबुजत सांगितलं. मोठ्यानं रडायचीही सोय नव्हती. तो म्हणाला, "ठेसनाला जा. तार करायला सांगा. मी ह्यांना सोडून येऊ शकत नाही. पळा, बाई!"

मी पळाले. एकटी, रानातनं. माझी मला ओळख पटू नये अशी पळाले. ओढ्याच्या उतारावर वाटेतच एक कोळसुंदं पडलेलं होतं. मादी असावी, आचळं सुजलेली. त्याच्यावरनं उडी मारून गेले. माझं सगळं भ्या तेव्हा त्या पिशवीत बसलं होतं, कुत्र्याला शिल्लक राहिलं नव्हतं.

ठेसनमास्तर भला माणूस. मी काय बडबडले ते त्याला समजलं हेच नवल. गाडी खानापूर सोडून पुढं गेली होती. बेळगावला तार करायची म्हणून त्यानं विचारलं, "माणसाचं नाव काय?"

आणि माझी बोबडी वळली. नवऱ्याचं नाव कुणी घेतं का? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर ह्यांच्या नावाची भाजी असली तरी मी ती दुसऱ्या नावानं मागायची. मास्तर पुन्हा म्हणाला, "बाई, नाव सांगा, येळ जातोय." खिडकीशी हमाल उभे, दोन म्हातारे उभे. मी नाव सांगितलं. मोठ्यानं, दोनदा, बापाच्या नावासकट. मास्तरचं बोट खटखट चालू झालं.

मी फलाटावर बसून राहिले. उन्हं डोक्यावर आली. इकडं मामा जिवंत आहेत का मेलेत ठाऊक नाही, तिकडं आई खोबरं किसायला बसली असेल का ठाऊक नाही. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आठवलं तर फेडावं लागेल. हमालानं पाणी आणून दिलं आणि बाजूला बसून राहिला.

मग खिडकीतलं यंत्र वाजायला लागलं. मास्तर बाहेर आला. "मिळाला तुमचा माणूस! ठेसनाच्या भायेर टांग्यात बसतानाच धरला. पिशवी काढून घेतली."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसं झालं. मी हसायला लागले, रडायला लागले. पण मास्तर तिथनं हलला नाही.

"पिशवीत निम्मंच हाय म्हणतायत," तो म्हणाला. "निम्मं वाटंत दिलं."

संध्याकाळच्या गाडीनं हे आले. तोंड पांढरं फटक. वाडीत बाकी कुणी तोंडाला लावायच्या आधीच मटण सांडलं होतं, आणि घरात मामांचे झटके थांबले होते. ते वाचले, पण पुढं जन्मभर दार जोरानं आपटलं की दचकून उठायचे. ह्यांनी पडवीत बसून सगळं सांगितलं. डब्यात समोर एक बाई बसली होती, कडेवर पोर. पिशवीतनं रक्ताचा थेंब पडलेला बघून तिनं विचारलं, "दादा, सांबराचं हाय व्हय? थोडं द्या की. पोरगं तापातनं उठलंय, काय ग्वाड लागंना त्येला." आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. ह्यांनी निम्मं काढून तिच्या पदरात घातलं. ती खानापूरला उतरली. कुठल्या गावची, कुणाची कोण, काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे आणि साहेब खानापुरात फिरले. बाजारात दवंडी पिटवली. भोवतालच्या गावांत पाटलांना जाऊन भेटले. कुणी तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? जंगलच्या साहेबानं येऊन विचारायचं, तुमच्यात सांबराचं मटण कुणी खाल्लं, आणि लोकांनी म्हणायचं, व्हय, आमी खाल्लं? प्रत्येक घरातनं एकच उत्तर, "न्हाय साहेब, आमच्यात कोण खात न्हाय." साहेब हात जोडून सांगायचा, मी पकडायला आलेलो नाही. त्याच्या खाकी कपड्यांपुढं ते कोण ऐकणार!

तो परत आला आणि आमच्या खळ्यावर त्यानं ते मेलेले कोळसुंदे आणवले. एकेकाचं पोट उघडून बघितलं. आम्ही बायका नाकाला पदर लावून लांब उभ्या. सांबराचे केस, डुकराचे राठ केस, एकात सशाचा पाय. गुराचं काही नाही. तो पुड्या बांधत होता आणि चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होता. आत्तीनं त्याला ताक नेऊन दिलं. त्या दिवसापासून तिनं मुताची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

त्याच्या वरचा मोठा साहेब चौकशीला आला तेव्हा ह्यांना लोंढ्याला बोलावलं. ह्यांनी बाईची हकिकत सांगितली. मोठ्या साहेबानं विचारलं, ती मेली याला पुरावा काय? पुरावा नव्हता. चष्मेवाल्याकडं मात्र पुड्या होत्या, काचेखालचे केस होते. पुढच्या दोन हंगामांत डुकरांनी आमचा भात असा लोळवला की म्हाताऱ्यांनाही माळ्यावर बसून डबे बडवायला लागले. तेही त्यानं येऊन बघितलं, लिहून नेलं. शेवटी आमच्या पट्ट्यात विष बंद झालं. शिकाऱ्याला दुसरीकडं हाकललं. पुढं लांबच्या डोंगरातनं एक कळप आला म्हणतात. वाडीतल्या कुणी त्यांच्या शिकारीला पुन्हा हात लावला नाही.

पण आमच्या घरातलं भ्या काही गेलं नाही. हे खानापूरच्या बाजाराला गेले की कडेवर पोर असलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत. एकदा एका बाईच्या नवऱ्याच्या हातचा मारही खाता खाता राहिले. मी रागवायची, "आता बास की वो! ती कुठं तरी बरी आसंल." पुढच्या बाजाराला हे पुन्हा तसंच बघत फिरत.

देश मोकळा झाला त्या पावसाळ्याच्या आधी, एके दिवशी हे बाजारातनं लवकरच परत आले. बैलं सोडली नाहीत, तसेच येऊन पायरीवर बसले.

"दिसली," म्हणाले.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. "तीच? ओळखलंसा?"

"तीच. मिरच्या घेत हुती. म्या फुडं जाऊन हुबा ऱ्हायलो. तिनं बी वळखलं मला."

"आणि पोरगं?"

"एकटीच हुती."

"अवो, आता पोरगं केवढं झालं आसंल! ते काय आईच्या कडंवर फिरंल? साळंत आसंल, घरात आसंल." मी घाईघाईनं बोलत सुटले. "तुमी इचारलं न्हाईसा? काय बोलली ती?"

"कायबी बोलली न्हाय. बघत ऱ्हायली माझ्याकडं."

"मग इचारायचं की! एवढी वर्सं हुडकलं आणि इचारलं न्हाईसा? तोंड काय शिवलं हुतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढा दांडगा माणूस, रानात एकटा फिरणारा, कशाला कधी न भ्यालेला.

"भ्या वाटलं गं," म्हणाले. "आलो पळून."